केस पेपरच्या मागोमाग : लहान दवाखान्यात रुग्णाची माहिती गुप्त राखण्याची पद्धत

काही वर्षांपूर्वी आठवडी बाजारात घेतलेल्या भेळेचा कागद उलगडला, तेव्हा आतल्या बाजूला एका प्रयोगशाळेचा तपासणी अहवाल छापलेला दिसला. त्यावर रुग्णाचे पूर्ण नाव, वय, गाव आणि रक्ततपासणीचे सगळे आकडे होते. मी लहान रुग्णालयांच्या नोंदींची व्यवस्था लावून देण्याचे काम करतो. माहितीची सुरक्षितता म्हटले की तोपर्यंत माझ्या डोळ्यांपुढे संगणक यायचा. त्या कागदानंतर मी दवाखान्यात गेलो की आधी रद्दी कुठे ठेवतात ते विचारतो. दहा ते तीस खाटांच्या रुग्णालयातून माहिती बाहेर पडते ती बहुतेक वेळा काउंटरवरच्या बोलण्यातून, कर्मचाऱ्याच्या मोबाइलमधून आणि रद्दीच्या गठ्ठ्यातून. संगणकात घुसणारा अनोळखी चोर पुष्कळदा यानंतर येतो. पुढील मार्गदर्शन अशा लहान दवाखान्यांसाठी, नर्सिंग होमसाठी आणि गावातील प्रयोगशाळांसाठी आहे.

आधी एक दिवस नुसते पाहावे

कोणताही नियम लिहिण्यापूर्वी किंवा सॉफ्टवेअर विकत घेण्यापूर्वी एका रुग्णाचा केस पेपर सकाळपासून संध्याकाळपर्यंत कुठे कुठे जातो, ते वहीत टिपून ठेवावे. रुग्णाने नाव सांगितले ते कोणी ऐकले, कागद कोणाच्या हातातून डॉक्टरांकडे गेला, तपासणीची चिठ्ठी लॅबमध्ये गेल्यावर तिथल्या रजिस्टरमध्ये काय लिहिले गेले, अहवाल कोणत्या नंबरवर गेला, औषधाच्या दुकानात चिठ्ठीचा फोटो राहिला का, कॅशलेस विम्याची कागदपत्रे कोणत्या ईमेलवरून पाठवली, आणि शेवटी फाइल कोणत्या कपाटात, कोणाच्या किल्लीखाली गेली, हे सगळे त्यात यावे. हे काम डॉक्टरांनी स्वतः करू नये, कारण डॉक्टर समोर असले की सगळे जण शिस्तीत वागतात.

वही भरली की प्रत्येक ठिकाणापुढे दोन प्रश्न लिहावेत. या जागी ही माहिती खरोखर लागते का? आणि लागत असेल, तर इथे बसणाऱ्या माणसाला ती सगळी लागते का? बिल करणाऱ्याला रुग्णाचा पूर्वेतिहास लागत नाही, आणि जेवणाचे ताट आणणाऱ्या मावशींना पथ्य कळले की पुरते, आजार कळण्याची गरज नसते. एका ठिकाणी अशी वही भरताना असे आढळले की नोंदणीच्या वेळी जात आणि धर्म विचारण्याची पद्धत वीस वर्षे चालू होती, आणि ती कोणी व कशासाठी सुरू केली हे तिथल्या कोणालाही सांगता येईना. जी माहिती घेतलीच नाही ती फुटत नाही, म्हणून नोंदणीचा छापील नमुना कमी करणे हे पहिले काम.

कायदा काय सांगतो, तेवढ्यापुरते

कायद्याची भीती घालून कर्मचारी शिकत नाहीत, पण मालकाला चौकट ठाऊक असली पाहिजे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार, व्यवसाय करताना कळलेले रुग्णाचे गुपित डॉक्टरने उघड करायचे नाही. अपवाद तीन आहेत : न्यायाधीशांचा आदेश, एखाद्या विशिष्ट व्यक्तीला किंवा समाजाला असलेला गंभीर धोका, आणि कळवणे बंधनकारक असलेले आजार. या परिषदेच्या जागी आलेल्या राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२३ च्या ऑगस्टमध्ये नवे नियम आणले होते, परंतु त्याच महिन्यात ते स्थगित होऊन २००२ चे नियम पुन्हा लागू झाले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या खंडपीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले. महाराष्ट्रात नर्सिंग होम नोंदणीच्या नियमांत २०२१ मध्ये सुधारणा होऊन रुग्ण हक्क सनदेचा समावेश झाला, आणि गोपनीयता हा त्या सनदेतील एक हक्क आहे.

यात आता २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याची भर पडली आहे. त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये अधिसूचित झाले असून मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. माहितीच्या सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पंधरा खाटांच्या रुग्णालयाला कोणी २५० कोटींचा दंड करणार नाही हे उघड आहे, पण तो आकडा मर्यादा सांगतो, सूट देत नाही. या कायद्यातील एक बारकावा लहान दवाखान्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावा. केस पेपर नुसता कागदावर असेपर्यंत हा कायदा त्याला लागत नाही. त्याच कागदाचा रिसेप्शनवरून मोबाइलने फोटो काढला की तो डिजिटल डेटा होतो आणि कायद्याच्या कक्षेत येतो. ‘आमच्याकडे संगणकच नाही’ हे उत्तर त्यामुळे पुरेसे ठरत नाही.

याच कायद्यानुसार माहिती घेताना ती कशासाठी घेतली जात आहे याची सूचना रुग्णाला द्यावी लागते, आणि ती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषेत वाचण्याचा पर्याय त्याला मिळाला पाहिजे. इंग्रजी मसुद्याचे शब्दशः भाषांतर करून भिंतीवर लावू नये. ‘आपली माहिती उपचारासाठी, बिलासाठी आणि आपण सांगितल्यास विमा कंपनीला देण्यासाठी वापरली जाईल, इतर कोणालाही आपल्या परवानगीशिवाय दिली जाणार नाही’ अशी तीन ओळींची, मोठ्या अक्षरांतील सूचना काउंटरवर चिकटवावी आणि नोंदणीच्या कागदावर छापावी. जीव धोक्यात असताना उपचार करण्यासाठी मात्र संमतीची वाट पाहावी लागत नाही.

काउंटर आणि बाकडे

आपल्याकडे प्रतीक्षा कक्ष म्हणजे चार बाकडी आणि डॉक्टरांच्या खोलीला एक पडदा. आत बोललेले बाहेर ऐकू जाते, आणि बाहेर बसलेले सगळे एकमेकांचे सोयरे असतात. त्यामुळे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक सुधारणा सुताराकडून होते : पडद्याच्या जागी दार बसवावे, आणि ते जमत नसेल तर बाकडी पडद्यापासून लांब हलवून बाहेर पंखा किंवा हलका रेडिओ चालू ठेवावा. रुग्णाला हाक मारताना नाव किंवा टोकन नंबर पुरतो. ‘पाइल्सवाले पाटील कोण?’ हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकले आहे, आणि पाटील उठले नाहीत. दोन तास थांबून ते तसेच घरी गेले.

काउंटरवर येण्याचे कारण तोंडाने विचारू नये. विचारणे आवश्यकच असेल तर रुग्णाला कागदावर लिहू द्यावे, किंवा ‘डॉक्टरांना सांगा’ एवढेच म्हणावे. ओपीडीचे रजिस्टर उघडे ठेवून त्यावर रुग्णाची सही घेण्याची पद्धत बंद करावी, कारण सही करता करता माणूस वरच्या दहा ओळी वाचतो. संगणकाचा पडदा रुग्णांच्या बाजूला वळलेला नसावा. लॅबमधील तयार अहवाल टेबलावर पसरून ‘तुमचा शोधून घ्या’ असे सांगणे तर कुठेही चालू असता कामा नये, आणि तरीही ते चालू असते.

नातेवाईक

या कामातला सर्वांत अवघड भाग हाच आहे, आणि परदेशातील मार्गदर्शिका इथे फारशा उपयोगी पडत नाहीत, कारण आपल्याकडे रुग्ण सहसा एकटा येत नाही. त्याच्याबरोबर मुलगा असतो, सून असते, शेजारचे काका गाडी घेऊन आलेले असतात, आणि पैसे भरणारा माणूस आणखी चौथाच असतो. कोणी प्रेमाने विचारतो, कोणी अधिकाराने विचारतो, आणि काउंटरवरच्या वीस वर्षांच्या मुलीला यातले कोणालाही ‘नाही’ म्हणता येत नाही. म्हणून तिला नकार देण्याचे काम तिच्या मनावर न सोडता त्यासाठी कागद तयार करावा.

भरतीच्या वेळी एक साधा नमुना भरून घ्यावा : ‘माझ्या प्रकृतीची माहिती पुढील व्यक्तींना द्यावी’, आणि त्याखाली दोन नावे, नाते व फोन नंबर. हा नमुना रुग्णाला विचारून भरायचा, आणि रुग्ण शुद्धीवर असेल तर विचारताना खोलीत इतर कोणी नसावे. विशेषतः सुनांच्या बाबतीत ही काळजी घ्यावी. तांबी बसवलेली बाई, गर्भपातानंतर तपासणीला आलेली मुलगी, वंध्यत्वाच्या तपासण्या करणारे जोडपे, यांच्या सासूबाई शेजारी उभ्या असताना ‘माहिती कोणाला द्यायची?’ असे विचारले तर उत्तर एकच येते, आणि ते संमतीचे उत्तर नसते. पतीलाही पत्नीच्या कागदांवर आपोआप हक्क मिळत नाही, आणि पत्नीलाही पतीच्या वीर्यतपासणीच्या अहवालावर मिळत नाही. हे काउंटरवरच्या माणसाला स्पष्ट शब्दांत सांगितलेले असावे.

नकार कसा द्यायचा तेही पाठ करून घ्यावे. ‘काकू, त्यांच्या तब्येतीचं त्यांनाच विचारा, आम्हाला सांगायची परवानगी नाही’ हे वाक्य नम्र आहे आणि त्यात वादाला जागा नाही. फोनवर आलेल्या चौकशीला ‘असा रुग्ण आमच्याकडे आहे’ एवढेही सांगू नये. आधी नोंदवलेल्या नंबरवर आपण उलटा फोन करावा. दुसऱ्यासाठी अहवाल घ्यायला आलेल्या माणसाकडून रुग्णाची चिठ्ठी किंवा नोंदलेल्या मोबाइलवर आलेला संदेश मागावा, आणि अहवाल बंद पाकिटात द्यावा.

‘बाबांना कॅन्सरचं सांगू नका’ अशी विनंती महाराष्ट्रातल्या प्रत्येक डॉक्टरने ऐकली आहे. मुलांचा हेतू वाईट नसतो, पण माहिती बाबांची आहे आणि ती त्यांना डावलून सगळ्या घराला सांगितली जाते. यावर एक उपाय मला प्रत्यक्षात चाललेला दिसतो : प्रश्न निदानानंतर विचारायचाच नाही, तो बायोप्सीला पाठवण्यापूर्वी विचारायचा. ‘रिपोर्ट आला की तुम्हाला एकट्याला सांगू, की मुलाला बरोबर घेऊन सांगू, की तुम्हाला नको, त्यालाच सांगू?’ बरेच जण तेव्हा शांतपणे उत्तर देतात. ते उत्तर केस पेपरवर त्यांच्यासमोर लिहून ठेवले की पुढे भांडण होत नाही.

वॉर्ड

खाटेच्या पायथ्याशी टांगलेल्या कार्डावर नाव आणि डॉक्टरांचे नाव पुरेसे असते. निदान आणि तपासण्या आतल्या फाइलमध्ये असाव्यात. सिस्टरांच्या टेबलामागच्या पांढऱ्या फळ्यावर ‘खाट ७, टीबी’ असे लिहिण्याची सवय मोडायला वेळ लागतो, त्यासाठी फळा भिंतीच्या आतल्या बाजूला हलवणे हाच खात्रीचा उपाय आहे. सकाळच्या राउंडला नातेवाइकांना बाहेर पाठवावे. एचआयव्ही असलेल्या रुग्णाच्या फाइलवर लाल शाईने खूण करणे किंवा खाटेला वेगळा कागद चिकटवणे पूर्णपणे बंद करावे. हातमोजे आणि सुईची काळजी प्रत्येक रुग्णासाठी सारखीच घ्यायची असते, त्यामुळे त्या लाल खुणेने कर्मचाऱ्याचे संरक्षण काहीच होत नाही, फक्त रुग्णाचे नाव गावभर होते.

सीसीटीव्ही कॅमेरे दार, काउंटर आणि व्हरांडा यांपुरते ठेवावेत. तपासणीची खोली, प्रसूतीची खोली, ड्रेसिंग आणि इंजेक्शनची जागा यांत कॅमेरा नको. २०२५ च्या फेब्रुवारीत राजकोटमधील एका प्रसूती रुग्णालयातल्या स्त्रियांच्या तपासणीच्या चित्रफिती यूट्यूब आणि टेलिग्रामवर पोहोचल्या. ज्या खोलीत कॅमेरा नाही तिथली चित्रफीत कुठेच पोहोचत नाही. जे कॅमेरे आहेत त्यांचा कारखान्यातून आलेला पासवर्ड बसवल्या दिवशीच बदलावा, आणि बसवणाऱ्या माणसाच्या मोबाइलवर कॅमेऱ्याचे ॲप चालू राहिले आहे का ते तपासावे. बहुतेक ठिकाणी ते चालू असते.

मोबाइल

आज आपल्याकडची आरोग्यसेवा मोठ्या प्रमाणावर व्हॉट्सॲपवर चालते, आणि ‘व्हॉट्सॲप वापरू नका’ असा नियम केला तर तो दुसऱ्या दिवशी मोडतो. म्हणून वापर कसा करायचा ते ठरवावे. दवाखान्यासाठी वेगळा फोन आणि वेगळा नंबर घ्यावा, तो रात्री दवाखान्यातच राहावा, त्याला स्क्रीन लॉक असावे. कर्मचाऱ्यांच्या स्वतःच्या फोनवर रुग्णाचा एकही कागद असू नये. व्हॉट्सॲपमधील फोटो आपोआप गॅलरीत उतरण्याची सोय बंद करावी, कारण गॅलरीतले फोटो पुढे गुगलच्या खात्यावर चढतात, आणि संध्याकाळी घरी मूल खेळायला फोन घेते तेव्हा जखमेचा फोटो त्याच्यासमोर येतो.

अहवाल पाठवण्यापूर्वी नोंदणीच्या वेळी एक प्रश्न विचारलेला असावा : ‘हा नंबर कोणाचा?’ नोंदवहीतले अनेक नंबर मुलाचे, जावयाचे, शेजाऱ्याचे, नाहीतर आशाताईंचे असतात. नंबरच्या पुढे तो कोणाचा हे लिहावे, आणि संवेदनशील तपासणीचा अहवाल दुसऱ्याच्या नंबरवर पाठवूच नये. ‘आपला रिपोर्ट तयार आहे’ एवढाच संदेश जावा. तपासणीचे नाव संदेशात आले तर ते लॉक असलेल्या फोनच्या पडद्यावरही वाचता येते. पीडीएफला पासवर्ड लावता येतो, मात्र सगळ्यांना ‘१२३४’ दिला तर त्याचा उपयोग नाही. रुग्णांनाही एक सूचना द्यावी : अहवालाची प्रत काढण्यासाठी तो झेरॉक्सच्या दुकानदाराच्या नंबरवर पाठवला जातो आणि तिथे महिनोन्महिने पडून राहतो. प्रत दवाखान्यातच काढून दिली तर हा रस्ता बंद होतो, आणि खर्च दोन रुपयांचा आहे.

डॉक्टर एकमेकांचे मत घेण्यासाठी एक्स-रे आणि सोनोग्राफीचे फोटो गटांत टाकतात. हेतू रुग्णाच्या भल्याचा असला तरी एक्स-रेच्या कोपऱ्यात नाव, वय आणि तारीख असते. ते झाकण्यासाठी फोनमधील पेनने वरून रेघ ओढू नये, कारण काही पेनांची रेघ पारदर्शक असते आणि फोटो उजळला की खालचे अक्षर दिसते. तो भाग कापून टाकावा. चेहरा, गोंदण, जन्मखूण वगळावी. लहान गावात नाव काढूनही भागत नाही. ‘साठीचे सरपंच, ऊस तोडताना साप चावला’ असे लिहिले की सगळ्या तालुक्याला माणूस कळतो, म्हणून मत विचारायला जेवढे लागते तेवढेच लिहावे : ‘पुरुष, साठीच्या आसपास, सर्पदंश, चार तास’.

शिबिरांचे फ्लेक्स आणि फेसबुकवरच्या पोस्ट हा वेगळाच प्रकार आहे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर हिरव्या पट्ट्या बांधलेल्या वीस आजींना रांगेत बसवून पाहुण्यांबरोबर फोटो काढला जातो, आणि त्यातल्या एकीलाही कोणी विचारलेले नसते. फोटो हवा असेल तर लेखी परवानगी घ्यावी, कुठे छापणार ते सांगावे, आणि ‘नाही’ म्हणणाऱ्या रुग्णाला उपचारात कोणताही फरक जाणवू देऊ नये. जन्मलेल्या बाळाच्या फोटोसाठीही हेच लागू आहे.

संगणक

प्रत्येक कर्मचाऱ्याला स्वतंत्र लॉगिन द्यावे. ‘रिसेप्शन’ या नावाने पाच जण शिरत असतील तर कोणी काय उघडले हे कधीच कळत नाही. काम सोडून गेलेल्याचे लॉगिन त्याच दिवशी बंद करावे. बिल करणाऱ्याला बिल दिसावे आणि लॅबला लॅबचे दिसावे, ही सोय बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असते, फक्त कोणी चालू केलेली नसते. दुरुस्तीसाठी सॉफ्टवेअरवाला दुरून संगणकात शिरतो तेव्हा काम संपताच ती जोडणी बंद करावी, कायमचा पासवर्ड त्याला देऊ नये, आणि त्याच्याकडून गोपनीयतेचा लेखी करार घ्यावा.

२३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्समध्ये रॅन्समवेअरचा, म्हणजे संगणकातील माहिती अडकवून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामचा, हल्ला झाला आणि पुढचे जवळजवळ दोन आठवडे नोंदणीपासून अहवालापर्यंतचे काम हाताने करावे लागले. एवढ्या मोठ्या संस्थेवर ही वेळ येते, तर एका टेबलावरच्या संगणकाबद्दल वेगळे सांगायला नको. रोजची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यावी, प्रत घेतल्यावर ती डिस्क संगणकापासून काढून कुलपात ठेवावी, आणि महिन्यातून एकदा त्या प्रतीतून एखादी फाइल खरोखर उघडते का ते पाहावे. जोडून ठेवलेली डिस्क हल्ल्यात संगणकाबरोबरच जाते.

एक्स-रे, सीटी आणि एमआरआयच्या प्रतिमा साठवणाऱ्या सर्व्हरकडे कोणाचेच लक्ष नसते. जर्मनीतील ग्रीनबोन नेटवर्क्स या कंपनीने २०१९ मध्ये जगभरात असे उघडे सर्व्हर शोधले, तेव्हा भारतातील राज्यांत सर्वाधिक उघड्या नोंदी महाराष्ट्रातल्या निघाल्या. कोणी काही फोडले नव्हते. पासवर्डच लावलेला नव्हता. ज्याने यंत्र बसवले त्याला विचारावे, ‘हा सर्व्हर इंटरनेटवरून पासवर्डशिवाय उघडतो का?’ आणि उत्तर लेखी घ्यावे.

बाहेरून मागणी आली तर

रुग्णाने स्वतःचे कागद मागितले तर गोपनीयतेचे कारण पुढे करून ते नाकारता येत नाहीत. २००२ च्या नियमांनुसार अर्ज आल्यापासून ७२ तासांत ते द्यायचे असतात. गोपनीयता रुग्णाच्या बाजूने असते, रुग्णालयाच्या नव्हे, हे अनेक व्यवस्थापकांना पटायला वेळ लागतो.

पोलीस आले तर त्यांच्याशी सौजन्याने वागावे आणि लेखी पत्र मागावे, ज्यात गुन्ह्याचा क्रमांक, अधिकाऱ्याचे नाव आणि हवी असलेली कागदपत्रे यांचा उल्लेख असेल. मागितली तेवढीच द्यावीत, प्रत ठेवावी, पोच घ्यावी. वकिलाच्या नुसत्या नोटिशीवर दुसऱ्याच्या नोंदी देऊ नयेत. विमा कंपनीला दाव्याशी संबंधित कागद जावेत, पूर्ण फाइल नव्हे. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेच्या दाव्याबरोबर दहा वर्षांपूर्वीच्या नैराश्याच्या चिठ्ठ्या जाण्याचे कारण नाही. कंपनीने नोकरीपूर्वी तपासणीला पाठवलेल्या माणसाचा अहवाल त्याच्या हाती द्यावा आणि कंपनीला ‘कामास योग्य’ किंवा ‘अयोग्य’ एवढे कळवावे, त्यापेक्षा जास्त हवे असेल तर त्या माणसाची लेखी संमती लागते. औषध कंपनीच्या प्रतिनिधीला चिठ्ठ्यांचा गठ्ठा चाळू देणे हा तर सरळ विश्वासघात आहे.

सरकारी रुग्णालयांत माहिती अधिकाराचे अर्ज येतात. अशा माहितीला साधारणपणे संरक्षण असते, पण ते सरसकट नसते : २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने माजी मंत्री सुरूपसिंग नाईक यांच्या शिक्षेच्या काळातील रुग्णालयीन नोंदी देण्याचा आदेश योग्य ठरवला होता. असा अर्ज आला की लिपिकाने परस्पर निर्णय न घेता तो वरिष्ठांकडे पाठवावा. क्षयरोग २०१२ पासून कळवणे बंधनकारक असलेला आजार आहे, म्हणून त्याची नोंद सरकारी यंत्रणेकडे जायलाच हवी. ती गावच्या ग्रुपवर जायची नसते. २०२० च्या मार्चमध्ये महाराष्ट्रात विलगीकरणातील लोकांच्या हातावर शिक्के मारले गेले, आणि पाठोपाठ त्यांच्या नावांच्या याद्या मोबाइलवर फिरू लागल्या. यंत्रणेला कळवणे आणि गावाला सांगणे यांतील फरक त्या दिवसांत पुसला गेला, आणि त्याची सवय अजून पूर्णपणे गेलेली नाही.

ज्या नोंदींना वेगळे कपाट लागते

गर्भपात, एचआयव्ही, मानसिक आजार आणि लैंगिक अत्याचार, या चार प्रकारच्या नोंदी वेगळ्या कुलपात असाव्यात आणि त्याची किल्ली एकाच नेमलेल्या व्यक्तीकडे असावी. गर्भपाताच्या कायद्यातील २०२१ च्या दुरुस्तीनंतर, गर्भपात करून घेतलेल्या स्त्रीचे नाव कायद्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीशिवाय कोणाला उघड केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. तिच्या भरतीचे रजिस्टर गोपनीय असते आणि शेवटच्या नोंदीपासून पाच वर्षे जपायचे असते. मुलगी अठरा वर्षांखालील असेल तर पोलिसांना कळवणे भाग असते, पण २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने असे सांगितले की मुलीने आणि तिच्या पालकांनी विनंती केल्यास डॉक्टरने त्या माहितीत तिची ओळख देण्याची गरज नाही. हा निकाल माहीत नसल्यामुळे मुली भोंदूंकडे जातात, म्हणून स्त्रीरोग विभागातील प्रत्येकाला तो सांगावा.

एचआयव्हीबाबत २०१७ चा स्वतंत्र कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, आणि त्यानुसार, कायद्यातील अपवाद वगळता, माहितीपूर्ण संमतीशिवाय कोणाची स्थिती उघड करता येत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदाही २०१७ चाच आहे. त्यात उपचार घेणाऱ्या व्यक्तीचा फोटो किंवा माहिती तिच्या संमतीशिवाय प्रसारमाध्यमांना देण्यास मनाई आहे. ‘मनोविकार विभाग’ असे ठळक छापलेले पाकीट टपालाने घरी पाठवणे हेही उघड करणेच झाले.

जपणे आणि नष्ट करणे

दाखल रुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून किमान तीन वर्षे, गर्भवतीच्या सोनोग्राफीसाठी कायद्याने भरावे लागणारे एफ फॉर्म किमान दोन वर्षे, आणि न्यायालयात प्रकरण चालू असेल तर ते निकाली निघेपर्यंत जपावे. प्रत्येक गठ्ठ्यावर नष्ट करण्याचे वर्ष आधीच लिहून ठेवले तर पुढे कोणाला विचारत बसावे लागत नाही. वर्ष उलटलेले कागद रद्दीवाल्याला किलोने विकू नयेत. आडवे-उभे कापणारे यंत्र घ्यावे, किंवा गठ्ठे पाण्यात भिजवून त्यांचा लगदा करावा. यंत्र नसलेल्या चार दवाखान्यांनी मिळून एक घेतले तरी भागते. एक्स-रेच्या फिल्मा चांदीसाठी विकत घेणारे लोक असतात, त्यांना देण्यापूर्वी नावाची पट्टी कापून काढावी. सलाइनच्या बाटल्यांवरची आणि औषधांच्या पाकिटांवरची नावाची चिठ्ठी फाडून मगच ती कचऱ्यात जावीत. जुना संगणक विकताना फाइल पुसून भागत नाही, हार्ड डिस्क काढून तिला ड्रिलने भोके पाडावीत.

नष्ट केलेल्या गठ्ठ्यांची नोंद एका वहीत तारीख, वर्ष आणि दोन सह्यांसह ठेवावी.

तरीही फुटली तर

पहिल्या तासात दोषी शोधू नये, वाट बंद करावी : पाठवलेला संदेश मागे घ्यावा, लॉगिन बंद करावे, हल्ला झालेला संगणक नेटवर्कपासून तोडावा पण बंद करून पुसून टाकू नये, कारण पुरावा त्यातच असतो. नंतर काय फुटले, कोणाचे फुटले आणि कोणाकडे पोहोचले हे लिहून काढावे. संगणकीय हल्ला असेल तर सर्ट-इन या संगणक सुरक्षेच्या केंद्रीय यंत्रणेला सहा तासांत कळवण्याचा नियम २०२२ पासून आहे. नव्या डेटा कायद्याची कलमे लागू झाल्यावर संबंधित रुग्णांना आणि डेटा संरक्षण मंडळाला विनाविलंब कळवावे लागेल, आणि मंडळाला सविस्तर अहवाल ७२ तासांत द्यावा लागेल.

रुग्णाला कळवण्याचे काम डॉक्टरांनी स्वतः करावे, रिसेप्शनकडून करवून घेऊ नये. फोन केल्यावर आधी विचारावे, ‘आता बोलता येईल का, जवळ कोणी आहे का?’ आणि मग सरळ सांगावे : ‘तुमचा अहवाल आमच्या चुकीने दुसऱ्या नंबरवर गेला. आम्ही तो काढून टाकायला लावला आहे, त्या माणसाने पाहिला असण्याची शक्यता आहे. तक्रार करायची असेल तर कुठे करायची ते मी सांगतो.’ या संभाषणाची तारीख, वेळ आणि रुग्ण काय म्हणाला ते त्याच दिवशी वहीत लिहावे, आणि ती वही काउंटरवर ठेवू नये.